ख्रिस्ती दैनंदिन प्रार्थना

ख्रिस्ती धर्मीयांनी रोज ठराविक वेळी एकट्याने, कुटुंबासह किंवा समुदायाने करावयाची प्रार्थना. रविवारचा प्रभुभोजनविधी (मिस्सा) हा बहुतेक ख्रिस्ती पंथांत उपासनेचा केंद्रबिंदू मानला जातो. तथापि त्यासाठी सामान्यतः धर्मगुरू लागतो व मंडळीला एकत्र यावे लागते. दैनंदिन प्रार्थनेला अशी अट नाही. ती शेतकऱ्याला शेतात, गृहिणीला चुलीपाशी आणि रुग्णाला अंथरुणावर करता येते. त्यामुळे सामान्य ख्रिस्ती माणसाचा धर्म प्रत्यक्षात कसा होता, हे तिच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते. प्रारंभी घरात रुजलेली ही प्रार्थना मध्ययुगात मुख्यतः मठांच्या व धर्मगुरूंच्या स्वाधीन झाली आणि पुढे जपमाळ, घंटा, छापील पुस्तक व लोकभाषा या साधनांनी ती सामान्यांकडे परत आली, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

उगम : येशू ख्रिस्त व त्याचे पहिले अनुयायी ज्यू होते. ठराविक वेळी प्रार्थना करण्याची चाल त्यांना परंपरेने मिळाली होती. जुन्या करारातील दानीएल हा जेरूसलेमच्या दिशेच्या खिडक्या उघड्या ठेवून दिवसातून तीन वेळा प्रार्थना करीत असे. प्रेषितांची कृत्ये या नव्या करारातील ग्रंथात पेत्र व योहान हे नवव्या तासाला, म्हणजे दुपारी सु. ३ वाजता, मंदिरात प्रार्थनेसाठी जाताना दिसतात. यापो येथे पेत्र भर दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थना करतो. येशूने स्वतः प्रार्थनेच्या वेळा ठरवून दिल्या नाहीत. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नये, खोलीचे दार लावून ती करावी आणि शब्दांचा पाल्हाळ टाळावा, अशी त्याची शिकवण मत्तयकृत शुभवर्तमानात आढळते. ‘प्रभूची प्रार्थना’ म्हणून प्रसिद्ध असलेली छोटी प्रार्थनाही त्याने शिष्यांना दिली. तीत रोजच्या भाकरीची याचना आणि परस्परांच्या अपराधांची क्षमा यांना शेजारी-शेजारी स्थान आहे. संत पौलाने मात्र खंड न पडू देता प्रार्थना करण्याचा उपदेश केला. पोटासाठी दिवसभर राबणाऱ्या माणसाने अखंड प्रार्थना करावी तरी कशी, हा प्रश्न त्यातून उद्‌भवला. पुढील अनेक प्रघात म्हणजे या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांनी दिलेली उत्तरे होत.

पहिली तीन शतके : दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात (पहिल्या शतकाची अखेर वा दुसऱ्याचा प्रारंभ) प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असा नियम आहे. कार्थेज येथील लेखक टर्टल्यन (सु. १६०–सु. २२५) याने सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांखेरीज दिवसाच्या तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासाला प्रार्थना करावी, असे सुचविले. हे तास रोमन समाजाच्या नित्य व्यवहारातील होते. कामाचा दिवस ज्या खुणांनी विभागला जाई, त्याच खुणा प्रार्थनेसाठी वापरल्या गेल्या. त्या काळी ख्रिस्ती धर्माला राजमान्यता नव्हती व एकाच घरात दोन धर्म नांदत असत. अन्यधर्मीय पतीशी विवाह केलेल्या ख्रिस्ती स्त्रीला रात्री उठून प्रार्थना करणे किंवा अंथरुणावर क्रुसाची खूण करणे पतीच्या नजरेआड कसे साधेल, असा प्रश्न टर्टल्यनने पत्नीला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात उपस्थित केला आहे. हिपॉलिटस याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या प्रेषितीय परंपरा या ग्रंथात मध्यरात्रीच्या प्रार्थनेचा नियम सांगताना, पत्नी अद्याप ख्रिस्ती नसेल तर पतीने दुसऱ्या खोलीत जाऊन प्रार्थना करावी, असे म्हटले आहे. दैनंदिन प्रार्थना ही त्या काळी घरातील नाजूक संबंधांशी निगडित होती, हे या दोन उल्लेखांवरून दिसते.

मठवासीयांची प्रार्थना : चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि मोठ्या नगरांतील चर्चमध्ये सकाळी व संध्याकाळी सार्वजनिक प्रार्थना होऊ लागल्या. ईजीरिया या यात्रेकरू स्त्रीने जेरूसलेम येथील अशा उपासनांचे वर्णन त्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी टोपल्या व चटया विणता विणता स्तोत्रे म्हणत असत. अखंड प्रार्थनेच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर होते. पश्चिम यूरोपात संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) याच्या नियमावलीने या जीवनाला शिस्तबद्ध रूप दिले. रात्रीची एक व दिवसाच्या सात अशा प्रार्थनावेळा तीत ठरविल्या असून स्तोत्रसंहितेतील सर्व १५० स्तोत्रे आठवड्यात पूर्ण व्हावीत, अशी योजना आहे. प्रार्थनामंदिरापासून दूर काम करणाऱ्या मठवासीयांनी घंटेच्या वेळी आहे तेथेच गुडघे टेकून प्रार्थना करावी, असेही तीत सांगितले आहे. तथापि ही व्यवस्था लॅटिन जाणणाऱ्या व पाठांतराला वेळ असलेल्या लोकांपुरती होती. लोकभाषा लॅटिनपासून दूर गेल्या आणि निरक्षर शेतकरी व कारागीर हे नित्य प्रार्थनेचे बव्हंशी श्रोतेच उरले.

जपमाळ, घंटा व पुस्तक : ही उणीव भरून काढण्यास प्रथम मठांतूनच सुरुवात झाली. स्तोत्रे न येणाऱ्या बंधूंनी त्यांऐवजी प्रभूची प्रार्थना ठराविक वेळा म्हणावी, असा प्रघात पडला. फ्रान्सिस्कन संघाच्या १२२३ च्या नियमात पहाटेपूर्वीच्या उपासनेसाठी २४ वेळा, सायंकाळसाठी १२ वेळा असे आकडेच दिलेले आहेत. मोजणीसाठी मण्यांच्या माळा वापरात आल्या. तेराव्या शतकातील पॅरिसमध्ये हाड, पोवळे, अंबर इ. पदार्थांचे मणी करणाऱ्या कारागिरांचे स्वतंत्र संघ होते, यावरून या माळांचा प्रसार लक्षात येतो. पुढे ‘नमो मरिया’ ही प्रार्थना १५० वेळा म्हणण्याची जपमाळ रूढ झाली. ही संख्या १५० स्तोत्रांवरून आलेली असल्यामुळे जपमाळेला गरिबांची स्तोत्रसंहिता म्हटले जाई. पोप पाचवा पायस याने १५६९ मध्ये तिच्या स्वरूपाला अधिकृत मान्यता दिली. पोप दुसरा जॉन पॉल याने २००२ मध्ये तिच्या १५ चिंतनविषयांत आणखी ५ विषयांची भर घातली.

चर्चच्या घंटेबरोबर काम थांबवून मरियेचे स्मरण करण्याची चाल चौदाव्या शतकापर्यंत पश्चिम यूरोपात रूढ झाली. दुपारच्या घंटेला १४५६ मध्ये, तुर्की सेना बेलग्रेडवर चालून आली असता, पोप तिसरा कॅलिक्स्टस याच्या आदेशाने चालना मिळाली. सायंकाळच्या घंटेचा नाद ऐकून बटाट्याच्या शेतात माना लववून उभे असलेले शेतकरी जोडपे फ्रेंच चित्रकार मिले याने एकोणिसाव्या शतकात चित्रित केले आहे. साक्षर गृहस्थांसाठी तेराव्या शतकापासून लहान आकाराची प्रार्थनापुस्तके तयार होऊ लागली. त्यांतील अनेक पुस्तके स्त्रियांसाठी लिहविली गेली. पूर्वेकडील चर्चमध्ये येशूच्या नावाचा लहानसा जप श्वासाच्या लयीत अखंड करण्याची साधना विकसित झाली आणि घरातील पवित्र प्रतिमांचा कोपरा हे कुटुंबाच्या प्रार्थनेचे स्थान ठरले.

धर्मसुधारणा व नंतरचा काळ : मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) लघु प्रश्नोत्तरीत (१५२९) सकाळची, रात्रीची व जेवणापूर्वीची आणि नंतरची प्रार्थना देऊन ती घरातील मंडळींना शिकविण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर टाकली. प्रार्थना कशी करावी, यावरील त्याची १५३५ मधील पुस्तिका त्याच्या न्हाव्यासाठी लिहिलेली आहे. चांगल्या न्हाव्याचे लक्ष जसे वस्तऱ्यावर असते, तसे प्रार्थना करणाऱ्याचे प्रार्थनेवर असावे, असा दाखला त्याने तीत दिला. इंग्लंडमध्ये आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर याच्या १५४९ च्या प्रार्थनाग्रंथात मठांतील आठ उपासनांच्या जागी सकाळ व संध्याकाळ अशा दोनच उपासना, त्याही इंग्रजीत, ठेवण्यात आल्या. कॅथलिक पंथातही अशीच प्रवृत्ती आढळते. पॅरिसमधील कार्मेलाइट मठाच्या स्वयंपाकघरात काम करणारा बंधू लॉरेन्स (मृ. १६९१) याने भांडीकुंडी हाताळतानाही ईश्वराच्या सान्निध्यात राहता येते, असे प्रतिपादिले. त्याची संभाषणे व पत्रे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध होऊन प्रॉटेस्टंट वाचकांतही प्रिय झाली.

घराकडे परतलेली प्रार्थना सर्वस्वी मुक्त मात्र नव्हती. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेचे नियम करून तिची हेळसांड करणाऱ्या कुटुंबप्रमुखाला समज देण्याची व शेवटी प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची तरतूद केली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज सुखवस्तू घरांत रोजच्या प्रार्थनेला नोकरचाकरांना हजर राहावे लागे. याउलट अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलाम लोक मालकांच्या नजरेआड रानात वा झोपडीत जमून प्रार्थना करीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भांडे उपडे ठेवीत असल्याचे त्यांच्या आठवणींत नमूद आहे. एकाच शतकात हीच प्रार्थना एका घरात सत्तेचे, तर दुसरीकडे स्वत्व जपण्याचे साधन झाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने (१९६२–६५) लोकभाषांतील उपासनेस अनुमती दिली. तिच्या निर्णयांनुसार १९७१ मध्ये तयार झालेल्या कॅथलिक नित्यप्रार्थनेत चार आठवड्यांचे स्तोत्रचक्र असून सर्वसामान्य ख्रिस्ती जनांनीही ती करावी, अशी शिफारस आहे.

भारतात : केरळमधील सिरियन ख्रिस्ती कुटुंबांत संध्याकाळी एकत्र प्रार्थना करण्याची परंपरा जुनी आहे. १५४२ मध्ये गोव्यात आलेला संत फ्रान्सिस झेव्हिअर हा रस्त्यातून घंटा वाजवीत मुलांना व गुलामांना गोळा करून प्रार्थना शिकवी. तमिळ किनाऱ्यावर त्याने मूलभूत प्रार्थनांचे तमिळ भाषांतर करवून घेतले. फादर टॉमस स्टीफन्स (मृ. १६१९) याचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण (१६१६) चर्चमध्ये व घरोघरी वाचले जाई; त्याची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये मरणोत्तर छापली गेली. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने कोकणीचा वापर सोडण्याचा हुकूम काढला. तथापि कोकणी प्रार्थना व गीते लोकांच्या तोंडी टिकून राहिली.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंटांमध्ये कृष्णराव सांगळे व नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी कीर्तन, भजन व अभंग यांच्या वळणाची रचना केली. त्यामुळे भाषांतरित गीतांवर अवलंबून असलेल्या उपासनेला मराठी कुटुंबात सहज म्हणता येईल असे रूप लाभले. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात १९०५ मध्ये सामुदायिक प्रार्थनेतून मोठी धार्मिक जागृती झाली. तीत पुढाकार तेथील निराधार स्त्रिया व मुलींचा होता. कॅथलिकांमध्ये सायंकाळची कौटुंबिक जपमाळ गोवा, वसई व मुंबई येथे रूढ आहे. १८९६ मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीच्या काळात मुंबईतील गिरगाव, बांद्रे इ. भागांत रस्त्याकडेला अनेक क्रूस उभारण्यात आले. वस्तीतील लोक तेथे जमून आजही जपमाळ म्हणतात. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा कुटुंबाची प्रार्थना हाच अनेक ख्रिस्ती घरांतील उपासनेचा मुख्य आधार ठरला.