नवा पैसा, नवा किलो आणि आमच्या आया

स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे नेहमी येतात. मी मात्र आज घरखर्चाच्या वहीचा थोडा इतिहास सांगणार आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे झाले. हिशेबाने आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैसा कोणी सोडायचा? सरकारी तक्त्यात एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९ आणि चार आण्यांचे २५ पैसे धरले होते. आमच्या आळीतला वाणी मात्र आण्याला सरसकट ७ पैसे घेई. माझ्या आईने तो तक्ताच पाठ केला. तीन आण्यांचा जिन्नस एकदम घेतला तर १९ पैसे, आण्याआण्याने तीनदा घेतला तर १८!

ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. म्हणजे किलो शेराहून चौदाव्या हिश्शाने मोठा. तेव्हा चौदा आणे शेराची डाळ किलोला पंधरा आणे पडायला हवी. वाणी रुपया मागे. आई वहीत हिशेब मांडून दाखवी; हळूहळू शेजारणीही मांडू लागल्या, तेव्हा वाणी नरमला.

भगिनींनो, आज पाकिटाची किंमत तीच राहते आणि आतले वजन हळूच घटते. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, २०१९ साली नवा आला. तरी किमतीला वजनाने भागण्याचे काम आपलेच आहे.