वेशीबाहेरचा वाघोबा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. इथे मारुती, महादेव वस्तीत किंवा वस्तीलगत असतात. वाघोबा मात्र शिवेवर किंवा रानाच्या तोंडाशी. शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. त्याला गाभारा नाही की दाराला कुलूप नाही. कातकऱ्यांची वाडीही बहुधा अशीच, गावठाणापासून अंतर राखून वसलेली.

कातकऱ्यांचा जुना धंदा कात पाडण्याचा. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या काढून त्या मडक्यांत उकळायच्या, काढा आटवून दाट करायचा आणि वड्या पाडून वाळवायच्या. हा कात विड्यातून घरोघरी जाई; तो करणाऱ्याला त्या घराच्या ओटीवर जागा नसे. उंदीर-घुशी खाणारी जमात म्हणून गावाने त्यांना दूर ठेवले. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये आणि ए. एन. वेलिंग यांच्या 1934 च्या अभ्यासात सोन आणि ढोर या त्यांच्या दोन मोठ्या शाखांची माहिती आहे. ढोर कातकरी गोमांस खात, म्हणून सोन कातकरी स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचे मानत. वगळलेल्यांनीही आपल्यात एक पायरी पाडून घेतली होती, हे विसरता येत नाही.

पुराणिकांच्या धर्मात कातकऱ्यांना स्थान नव्हते. रामकथेत मात्र त्यांनी ते स्वतःच शोधले. रावणाशी लढायला रामाबरोबर गेलेल्या वानरांचे आपण वंशज, असे जमातीत सांगितले जाई आणि एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत ते उतरले. परक्याच्या तोंडी वानर म्हणजे हिणवणे; कातकऱ्याच्या तोंडी तो हक्क होता. ज्या देवाच्या देवळात पाऊल ठेवायची मुभा नाही, त्याची लढाई आपल्या पूर्वजांनी लढली, म्हणजे ऋण देवाकडे उरते.

रोजच्या अडीअडचणीत उपयोगी पडे तो भगत. तो जमातीतलाच असतो. सुपात तांदळाचे दाणे टाकून दुखणे कशाचे, कोणता देव कोपला, हे तो सांगतो. देवाशी बोलायला त्याला ना संस्कृत लागते ना सोवळे. या व्यवस्थेला निसर्गधर्म म्हणून गोंजारण्याची अलीकडे फॅशन आहे. पण भगताचे निदान चुकले की माणूस दगावे, आणि चेटकिणीचा आळ आला तर तो बहुतेक एखाद्या बाईवरच.

वारकऱ्यांची वाट निराळी. चोखोबांना विठोबा भेटला तो देवळाबाहेरच, आणि 1338 मध्ये मंगळवेढ्याला कोसळलेल्या गावकुसाखाली त्यांचा अंत झाल्यावर समाधीही पंढरपूरच्या महाद्वारासमोर बाहेरच झाली. ते दार उघडायला साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला, त्याचे नावच हरिजन मंदिर प्रवेश असे होते. कातकरी हरिजनांत मोडत नव्हते. पुढे ते अनुसूचित जमातींच्या यादीत आले, आणि आदिम म्हणून ओळखल्या गेलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींत कोलाम व माडिया गोंडांबरोबर त्यांची गणना झाली. गाव त्यांना शिवत नसे, तरी मंदिर प्रवेशाच्या चळवळीने त्यांची फारशी दखल घेतली नाही. त्यांनीही देवळाचे दार ठोठावल्याच्या ठळक कथा नाहीत. देव शिवेवरच भेटत होता.

त्यांच्यापुढचा बंद दरवाजा रानाचा होता. 1878 च्या वन कायद्यानंतर खैर सरकारी राखीव जंगलात गेला आणि काताची भट्टी विझत गेली. उरले कोळसा पाडणे, सावकाराची खावटी आणि लग्नापायी घेतलेल्या कर्जासाठी वर्षानुवर्षे राबणारा लग्नगडी. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण वीटभट्टीवाल्याची उचल राहिली.

या उचलीने सणांचे पंचांगही बदलले. आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस येते. गुराखी घरोघरचा शिधा गोळा करतात, वाघोबापाशी खीर शिजवतात आणि गुरांना, माणसांना राख असे मागणे मागतात. नंतर दिवाळी उरकते आणि कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावी खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा आणि जनावरांचा बाजार भरतो, तेव्हा बऱ्याच वाड्या रिकाम्या असतात. भट्टीवरची माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर, पेरणीच्या आणि लावणीच्या मजुरीला.