सफारीचा माळ मोकळा कसा झाला?

आफ्रिकेच्या सफारीला जायचं ठरवलेली मंडळी हल्ली आपल्याकडे बरीच भेटतात. मी इतिहास शिकवतो, हे माहीत असूनही त्यांचा मला पहिला प्रश्न असतो तो कॅलेंडरचा. जायचं कधी? आता आपल्या मोठ्या सुट्ट्या दोन, मे महिन्याची आणि दिवाळीची. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत छोटा पाऊस. म्हणजे आपल्या मुलांच्या सुट्ट्या नेमक्या तिथल्या चिखलात येतात! विल्डबीस्टचे प्रचंड कळप पाहायचे, तर जुलै ते ऑक्टोबर या काळात केनियातलं मसाई मारा गाठावं. त्यांची नवजात वासरं पाहायची, तर फेब्रुवारीत टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिण माळावर जावं. केनियाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी आणि दाखला जपून ठेवावा. परतताना विमानतळावर तो मागतात. एवढं सांगितलं की ट्रॅव्हल कंपनीचं काम संपतं. माझं तिथून सुरू होतं.

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला. मूळ अरबी 'सफर', जी आपल्या मराठीतही आहे. स्वाहिलीत सफारी म्हणजे साधा प्रवास. कोणी लग्नाला गावी गेला तरी ती सफारीच. त्याला शिकारीचा अर्थ चिकटला तो युरोपियन साहेबांमुळे. आणि साहेबाला आतल्या प्रदेशात आरामात नेलं ते रेल्वेनं. मोम्बासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची ही रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. त्सावोच्या पुलावर १८९८ मध्ये दोन सिंहांनी मजुरांना ओढून नेल्याची हकिगत पुष्कळांनी वाचली असेल. ते दोन्ही सिंह पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेत. मजुरांची आठवण मात्र सहसा आकड्यांतच निघते.

रेल्वे आली आणि तिच्यामागून बंदुका आल्या. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट दोनशेहून अधिक हमाल घेऊन निघाले. बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली, हा त्यांनी स्वतःच दिलेला हिशेब. आज गाइड ज्यांना 'बिग फाइव्ह' म्हणतो, ते सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे काही आकारानं सर्वांत मोठे प्राणी नव्हेत. नाहीतर पाणघोडा आणि जिराफ त्या यादीत नसते का? पायी शिकार करताना जे सर्वांत धोक्याचे, त्यांची ही शिकाऱ्यांची यादी. केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण यादी तीच राहिली.

पण मला खरं सांगायचंय ते जनावरांविषयी नाही. सफारीच्या जाहिरातीतला तो अथांग माळ पाहा. गवत, एखादी छत्रीसारखी बाभूळ, क्षितिजापर्यंत माणूस नाही. 'सेरेंगेटी' हे नाव मसाई भाषेतल्या 'सिरिंगेट' या शब्दावरून आलंय. त्याचा अर्थ अंत नसलेला माळ. ज्या माळाला नाव मसाईंनी दिलं, तिथून मसाई गेले कुठे?

याचं एक उत्तर आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. बुळकांडी! गुरांचा हा रोग १८८७ च्या सुमारास आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन फौजेसाठी बोटीनं आणलेल्या गुरांबरोबर तो आला आणि ती गुरं हिंदुस्थानातली होती, असं सांगितलं जातं. पुढच्या काही वर्षांत पूर्व आफ्रिकेतली बहुसंख्य गुरं मेली. दहातली आठ-नऊ गेली, असे अंदाज आहेत. गाय हेच ज्यांचं दूध, हुंडा आणि पत, त्या मसाईंची त्यात काय दशा झाली असेल! पाठोपाठ देवी आली, दुष्काळ आला. इंग्रज आणि जर्मन अधिकारी या भागात येऊन पोचले ते नेमके याच काळात. त्यांना माळ ओसाड दिसला आणि तो कायमचाच ओसाड असावा, असं त्यांनी धरून चालले. केनियात १९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाईंना उत्तम कुरणांवरून हलवून गोऱ्या मळेवाल्यांसाठी जागा केली गेली. मसाई न्यायालयात गेले, तर १९१३ मध्ये निकाल मिळाला की हा दोन राष्ट्रांमधला तह आहे, त्यावर न्यायालयाला बोलता येत नाही. जमीन घेताना रयत आणि दाद मागताना परराष्ट्र! वसाहतीच्या कायद्याचा याहून चोख नमुना मी वर्गात दुसरा देऊ शकत नाही.

टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर, हेच राष्ट्रीय उद्यानाच्या नावानं झालं. सेरेंगेटी उद्यान १९५१ मध्ये झालं, तेव्हा मसाई आत राहत होते. १९५८ मध्ये बारा मसाई वडीलधाऱ्यांच्या संमतीचा करार पुढे आला आणि १९५९ मध्ये लोकांना उद्यानाबाहेर काढण्यात आलं. बदल्यात शेजारच्या न्गोरोंगोरोत गुरं आणि वन्यप्राणी एकत्र नांदतील, असा वेगळा संरक्षित प्रदेश करून दिला. त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांचा सेरेंगेटीवरचा चित्रपट आला. त्यांचा मुलगा मिशाएल जानेवारीत गिधाडाची धडक बसून विमान कोसळल्यानं तिथंच मरण पावला होता. चित्रपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं आणि सेरेंगेटी साऱ्या जगाची झाली. ग्झिमेक यांची तळमळ खोटी नव्हती. त्यांच्यासारखी माणसं नसती तर तिथं आज काय उरलं असतं, कोण जाणे. पण उद्यानात माणूस नकोच, स्थानिकही नको, हा त्यांचा आग्रह होता आणि तोच जगानं उचलला.

इथे एक गंमत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेरेंगेटीत विल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. १९७० च्या दशकाच्या अखेरीला ते १३ लाखांच्या घरात गेले. कशामुळे? उद्यानाभोवतीच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली म्हणून. गुरांतला रोग थांबला आणि रानातलाही थांबला. ज्या कळपांसाठी आपण लाखो रुपये मोजतो, ते मसाईंच्या टोचलेल्या गायींमुळे वाढले, हे कुठल्याच माहितीपत्रकात मला आढळलेलं नाही. (बुळकांडी २०११ मध्ये जगातूनच हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.)

आता मार्गाचं. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना लागून आहेत, म्हणून पुष्कळजण विचारतात की जीपनं सरळ पलीकडे का जाता येत नाही. याचं कारण १९७७. पूर्व आफ्रिकी देशांचा संघ त्या वर्षी मोडला, टांझानियानं केनियाची सीमा बंद केली. नैरोबीतल्या कंपन्यांनी पर्यटक आणायचे आणि पैसाही नैरोबीतच राहायचा, हे टांझानियाला खुपत होतं. सीमा १९८३ मध्ये उघडली, पण या दोन अभयारण्यांमधलं फाटक पर्यटकांसाठी उघडलं नाही. त्यामुळे नमांगा किंवा इसेबानियाचा लांबचा वळसा घ्या नाहीतर विमानानं जा. सहलीचा एक दिवस त्यात जातो, तो आधीच धरा.

आणि १९५९ चं प्रकरण मिटलेलं नाही. न्गोरोंगोरोतली वस्ती आठ-दहा हजारांवरून लाखावर गेली, जनावरांना जागा उरली नाही, असं टांझानियाचं सरकार म्हणतं. आकडा खोटा नाही. पण १९५९ मध्ये जागा देताना पुढच्या पिढ्या होणारच नाहीत, असं कोणी धरलं होतं का? २०२२ पासून तिथल्या कुटुंबांना सुमारे ६०० किलोमीटरवरच्या म्सोमेरा गावी हलवणं सुरू झालं. सरकार त्याला स्वेच्छेचं स्थलांतर म्हणतं, अनेक मसाई तसं म्हणत नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये लोलिओंडोत दीड हजार चौरस किलोमीटरची हद्द आखताना पोलिसांशी चकमक झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाई न्गोरोंगोरोच्या रस्त्यावर उतरले आणि पर्यटकांच्या गाड्या अडून राहिल्या.

म्हणून तंबूचं आरक्षण करताना जेवण शाकाहारी मिळेल का, याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा, असं मी सांगतो. ही जमीन कोणाची, आणि तिचं भाडं कोणाला जातं? केनियात मसाई माराच्या भोवती मसाई कुटुंबांनी आपापल्या जमिनी एकत्र करून भाड्यानं दिल्या आहेत. तिथल्या तंबूंकडून त्यांना ठरलेलं भाडं मिळतं, गाड्यांची गर्दीही कमी असते. दर थोडा चढा असतो. कंपनीला हे विचारलं की बहुतेकदा पलीकडचा माणूस 'विचारून सांगतो' म्हणतो. त्यानं विचारून सांगेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका.