मुगलसरायच्या वाघिणी

रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’चेच हे रूप, पण ‘कोळशाच्या चाळीस वाघिणी’ असे वाक्य वर्गात आले की आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतली मुले आधी दचकतात, मग हसतात. अशा वाघिणींचा आशियातील सर्वांत मोठा तळ म्हणून जे यार्ड वर्षानुवर्षे ओळखले गेले, ते वाराणसीजवळ मुगलसरायला आहे. लांबी सुमारे साडेबारा किलोमीटर. मुंबईहून अलाहाबादमार्गे (आता प्रयागराजमार्गे म्हणायचे) गयेला किंवा हावड्याला जाणारा मराठी माणूस याच्या कडेनेच जातो.

ईस्ट इंडियन रेल्वेचा रूळ येथे १८६२ मध्ये पोहोचला. जागा त्याआधीही वाटसरूंचीच होती. ग्रँड ट्रंक रोडवरची सराय, हे तर नावातच आहे. १८८७ मध्ये गंगेवर डफरिन पूल, म्हणजे आजचा मालवीय पूल झाला. १९०६ मध्ये गयेकडून ग्रँड कॉर्ड आली. पाटणा, गया, बनारस आणि अलाहाबाद या चारही बाजूंच्या वाटा येथे मिळाल्या. झरिया-राणीगंजचा कोळसा पश्चिमेला न्यायचा आणि रिकाम्या वाघिणी पूर्वेला परत पाठवायच्या, हा यार्डाचा मुख्य व्यवहार.

त्या काळी व्यापारी एखादीच वाघीण भरूनही माल पाठवू शके. त्यामुळे एकाच गाडीत दहा गावांचा माल असे आणि तो वेगळा करणे हेच यार्डाचे काम होते. गाडी आली की इंजीन सुटे. नंबर टेकर रांगेच्या कडेने चालत प्रत्येक वाघिणीचा क्रमांक आणि लेबल पाहून नोंद करी. मग शंटिंगचे इंजीन सगळी रांग मागून ढकलत ‘हंप’वर, म्हणजे मुद्दाम रचलेल्या उंचवट्यावर नेई. माथ्यावर कपलिंग सोडले की वाघीण आपल्याच वजनाने उतारावरून एकटी निघे. खाली सांधे बदलत जात. एक वाघीण या रुळावर, पुढची त्या रुळावर. वेग आवरायला रिटार्डर चाके दाबून धरत, आणि काही ठिकाणी माणूस धावत जाऊन रुळावर लोखंडी स्किड ठेवी. पूस-माघातले गंगेकाठचे धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामाची कल्पना येईल. सुटलेल्या वाघिणीला ना इंजीन, ना शिट्टी. दोन डब्यांच्या मधे शिरून कपलिंग लावणाऱ्याला तिचा सुगावा फार उशिरा लागे. स्फोटके हंपवरून सोडायची नाहीत असा नियम होता. माणसांची भिस्त मात्र बरीचशी हातातल्या कंदिलावर आणि सोबत्याच्या हाकेवर असे.

भरात असताना येथे दिवसाला पाच हजार वाघिणी हाताळल्या जात. पण वाघिणीचा धावण्यापेक्षा यार्डात उभे राहण्यातच अधिक वेळ जाई, आणि उभ्या कोळशाला वाटा फुटत. १९८०च्या दशकात रेल्वेने धोरण बदलले. खाणीवर अख्खी गाडी भरायची आणि थेट वीजकेंद्रावर रिकामी करायची. सुट्या वाघिणी बंद होत गेल्या आणि मुगलसरायचे काम दिवसाला दीड हजारांवर आले. हिशेबाने हा निर्णय बरोबरच होता. मात्र एक वाघीण भरणारा छोटा व्यापारी ट्रककडे गेला, तो पुन्हा रेल्वेकडे फिरकला नाही. मालगाड्यांसाठी लुधियाना ते सोननगर असा १३३७ किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग २०२३ मध्ये पूर्ण झाला. तोही याच गावाजवळून जातो.

लालबहादूर शास्त्रींचा जन्म येथलाच, २ ऑक्टोबर १९०४ चा, आजोळी. आजोबा रेल्वेच्या शाळेत शिक्षक होते. छोट्या लालबहादूरची पहिली अक्षरे उर्दूची, मौलवींकडे गिरवलेली. १९५२ ते १९५६ या काळात ते देशाचे रेल्वेमंत्री झाले. पुढे ११ फेब्रुवारी १९६८ रोजी जनसंघाचे अध्यक्ष दीनदयाळ उपाध्याय यांचा मृतदेह याच स्थानकाजवळ रुळांलगत सापडला, आणि २०१८ मध्ये स्थानकाला त्यांचे नाव दिले गेले. त्यांची आठवण ठेवण्यात गैर काहीच नाही. पण त्यासाठी हे जुने नाव पुसायलाच हवे होते का? नावात ‘मुगल’ असले तरी सराय वाटसरूची असते, बादशहाची नव्हे. स्थानकाचा ‘एमजीएस’ हा संकेत ‘डीडीयू’ झाला, तिकिटांवर आणि वेळापत्रकांत तो बदलला. जुने रेल्वेवाले मात्र बोलताना अजून मुगलसरायच म्हणतात.