मेणबत्ती आणि फिरणारे टेबल

१८५३ सालच्या उन्हाळ्यात लंडनमधील सुखवस्तू घरांत एका नव्या खेळाने धुमाकूळ घातला होता. संध्याकाळी चार-सहा माणसे टेबलाभोवती जमत, हाताचे तळवे टेबलावर हलकेच टेकवीत आणि वाट पाहत बसत. काही वेळाने टेबल थरथरू लागे, सरकू लागे, गोल फिरू लागे. क्वचित एका बाजूला कलून पाय उचली. कोणी ढकलले म्हणावे, तर साऱ्यांचे हात समोर दिसत असत आणि प्रत्येक जण आपण ढकलले नाही अशी शपथ घ्यायला तयार असे. अमेरिकेत १८४८ साली फॉक्स भगिनींच्या घरी ऐकू आलेल्या गूढ ठोक्यांपासून मृतात्म्यांशी संभाषण करण्याची जी लाट उठली, ती आता अटलांटिक ओलांडून आली होती. कोणी म्हणे हे आत्म्यांचे काम, कोणी म्हणे सैतानाचे. स्वतःला आधुनिक म्हणवणारे लोक मात्र ठामपणे सांगत की ही वीज आहे, चुंबकत्व आहे, किंवा पृथ्वीच्या परिभ्रमणाशी निगडित असे एखादे अज्ञात बल आहे.

हे शेवटचे मत विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. अंधश्रद्धा नेहमी विज्ञानाच्या विरोधात उभी राहते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा विज्ञानाचीच वस्त्रे परिधान करून येते. १८५३ साली वीज आणि चुंबकत्व हे शब्द जितके प्रतिष्ठित होते तितकेच धूसरही होते, आणि धूसर शब्दांत काहीही मावते. साहजिकच लोकांनी या विषयातील सर्वांत मोठ्या अधिकारी पुरुषाला गाठले. मायकेल फॅरडे त्या वेळी एकसष्ट वर्षांचे होते. विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्यांनी १८३१ सालीच लावला होता. टेबले कशाने फिरतात, याबद्दल त्यांच्याकडे इतकी विचारणा होऊ लागली की अखेर त्यांनी प्रयोग करायचे ठरवले.

हा प्रयोग समजून घेण्याआधी प्रयोग करणारा माणूस समजून घेतला पाहिजे, कारण फॅरडे हे स्वतःच लोकप्रिय विज्ञानाचे अपत्य होते. १७९१ साली लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी लंडनमधील रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणी शिकायला राहिला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचत असे. त्यांतली दोन त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. एक म्हणजे 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'तील विजेवरचा लेख, आणि दुसरे जेन मार्सेट यांचे 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री'. १८०६ साली लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादातून रसायनशास्त्र उलगडते. ज्यांना विद्यापीठाचे दार बंद होते अशा वाचकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, ते लिहिले होते. त्याने एका पुस्तकबांधणी करणाऱ्या पोऱ्याला रसायनशास्त्रज्ञ केले. सुबोध विज्ञानलेखनाला दुय्यम मानणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

पुढे उतारवयात लिहिलेल्या एका पत्रात फॅरडे यांनी आपल्या त्या वाचनाविषयी फार मार्मिक सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मी लहानपणी कल्पनेत रमणारा होतो, ज्ञानकोशावर जितक्या सहजतेने विश्वास ठेवी तितक्याच सहजतेने 'अरेबियन नाइट्स'वरही ठेवू शकलो असतो. पण वस्तुस्थिती मला महत्त्वाची वाटे, आणि तिनेच मला वाचवले. मार्सेटबाईंच्या पुस्तकातील विधाने त्यांनी आपल्या तुटपुंज्या पैशांत जमतील तेवढे छोटे प्रयोग करून पडताळून पाहिली आणि ती खरी निघाली तेव्हाच पुस्तकावर भरवसा ठेवला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अनुवादामुळे ज्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठी वाचकाच्या ओळखीच्या झाल्या, त्याच त्या गोष्टी. त्यांत रमण्याची क्षमता आणि छापील विधानाची उलटतपासणी घेण्याची खोड, या दोन्ही एकाच मुलात नांदत होत्या. आमच्या मते फॅरडे यांच्या पुढच्या साऱ्या व्याख्यानकलेचे बीज इथे आहे.

१८१२ साली एका ग्राहकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य अक्षरांत उतरवून, आकृत्या काढून, स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि १८१३ साली तिथेच साहाय्यक म्हणून नोकरी मिळवली. १८२५ साली या संस्थेत मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडे यांनी अशा एकोणीस व्याख्यानमाला गुंफल्या. वक्तृत्व ही त्यांना जन्मजात लाभलेली देणगी नव्हती. त्यांनी त्यासाठी रीतसर शिकवणी लावली होती. बोलण्याची गती वाढली की 'सावकाश' असे लिहिलेला पुठ्ठा समोर ठेवण्याची सूचना त्यांनी साहाय्यकाला देऊन ठेवलेली असे. चुंबकाची शक्ती सांगताना त्यांनी कोळशाची बादली, चिमटा आणि सळई सरळ त्या प्रचंड विद्युत्‌चुंबकाच्या दिशेने भिरकावल्याची आठवण सांगितली जाते. १८५५ च्या नाताळात व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट आपल्या मुलांना घेऊन समोर बसले होते. त्या प्रसंगाचे चित्रही उपलब्ध आहे. बँक ऑफ इंग्लंडने १९९१ साली काढलेल्या वीस पौंडांच्या नोटेवर फॅरडे यांच्या छबीसोबत व्याख्यानाचे दृश्य छापले होते. प्रयोगशाळेतील शोधांइतकाच व्याख्यानाचा मंचही राष्ट्राला स्मरणीय वाटला, हे त्यातून दिसते.

या मालांमधील सर्वांत गाजलेली माला मेणबत्तीवरची. ती त्यांनी १८४८ च्या आणि पुन्हा १८६० च्या नाताळात दिली. दुसऱ्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते आणि मुलांशी मूल होऊन बोलण्याची मुभा त्यांनी श्रोत्यांकडे मागितली होती. विषय किती साधा! घरोघरी रोज संध्याकाळी पेटणारी वस्तू. पण सहा व्याख्यानांत फॅरडे तिच्यातून जवळजवळ सारे रसायनशास्त्र बाहेर काढतात. मेणबत्तीच्या माथ्यावर वितळलेल्या मेणाची ती नीटस वाटी कशी होते? ज्योतीमुळे वर जाणारा हवेचा झोत कडा थंड ठेवतो म्हणून. मेण वातीवर चढते कसे? केशाकर्षणाने. हे दाखवायला ते मिठाचा एक खांब निळ्या द्रावाच्या बशीत उभा करतात आणि निळाई मुलांच्या डोळ्यांदेखत वर चढते. जळते ते काय? मेण नव्हे, मेणाची वाफ. त्यासाठी ते मेणबत्ती अलगद विझवतात आणि वातीतून निघणाऱ्या धुरकट वाफेजवळ, वातीपासून काही अंतरावर, पेटती काडी धरतात. ज्योत हवेतून झेप घेऊन वातीवर परत येते.

इथे टाळ्या पडल्या असतील. जादूगार याच क्षणी थांबतो. फॅरडे इथून पुढे चालू लागतात. ज्योतीच्या मध्यात काचेची नळी धरून ते आतली वाफ बाहेर आणतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवतात. ज्योतीवर क्षणभर कागद दाबला तर त्यावर कडे उमटते, मधला भाग कोराच राहतो. म्हणजे उष्णता कडेला आहे, मध्यात नाही. उजेड येतो तो तापून लखलखणाऱ्या काजळीच्या कणांतून, हे सांगताना काळ्याकुट्ट काजळीनेच प्रकाश द्यावा यातील नवल ते श्रोत्यांना मनसोक्त अनुभवू देतात. ज्योतीवर थंड भांडे धरले की त्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! आणि अखेरच्या व्याख्यानात ते मेणबत्तीच्या धुराने चुन्याची निवळी पांढुरकी करतात, मग स्वतःच्या उच्छ्वासानेही तीच निवळी पांढुरकी करून दाखवतात. माणसाच्या देहात चाललेले श्वसन आणि मेणबत्तीचे जळणे या एकाच जातीच्या क्रिया आहेत. माणूस दिवसाकाठी सात औंस, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम कार्बन अशा रीतीने 'जाळतो', असा हिशेबही त्यांनी मुलांपुढे मांडला. देहाला दिव्याची उपमा देणारे कवी आपल्या परंपरेत पुष्कळ आहेत. फॅरडे यांनी त्या उपमेला निवळीच्या पेल्यात उतरवले. उपमेचे सौंदर्य त्यामुळे उणावले नाही.

आता टेबलाकडे वळू. फॅरडे यांनी टेबल फिरवणाऱ्यांची टर उडवली नाही. जी माणसे प्रामाणिक आहेत आणि टेबल फिरवण्यात ज्यांना यश येते, अशीच माणसे त्यांनी प्रयोगासाठी निवडली. प्रथम त्यांनी काच, पुठ्ठा, ओली माती, लाकूड असे नाना पदार्थ हातांखाली ठेवून पाहिले. टेबल फिरायचे थांबले नाही, म्हणजे हे पदार्थ वापरून उपकरण बनवायला हरकत नव्हती. मग त्यांनी गुळगुळीत पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचून मध्ये मऊ लुकणाच्या गोळ्या ठेवल्या. तुकडे जागेवर राहतील, पण जोर लागला तर हळूच सरकतील, अशी ही चळत. तळाचा तुकडा टेबलाला घट्ट धरून राहील अशी योजना केली आणि साऱ्या तुकड्यांच्या मूळ जागेची खूण करून ठेवली. तर्क सोपा आहे. टेबल आपणहून फिरून हातांना ओढत असेल तर खालचे तुकडे पुढे जातील आणि वरचे मागे पडतील. हात टेबलाला ढकलत असतील तर उलट होईल. टेबल फिरले. चळत पाहिली तर वरचे तुकडे सर्वांत पुढे सरकले होते. हात आधी हलले होते, टेबल मागाहून.

पण या प्रयोगाचा खरा कळस पुढे आहे. फॅरडे यांनी दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या ठेवून, वर रबराचे पट्टे बसवून, हाताचा अगदी अल्प असा आडवा जोरही दिसावा म्हणून हलक्या काडीचा दर्शक काटा लावला. काटा झाकलेला असे तेव्हा टेबल पूर्वीसारखे फिरे. पण बसलेल्या माणसाला काटा दिसू लागताच सारे थांबे. आपला हात कलतो आहे हे डोळ्यांना दिसले की हात आपोआप सरळ होई, आणि त्याबरोबर आत्मे, वीज आणि पृथ्वीचे परिभ्रमण सारेच निष्प्रभ होई. ३० जून १८५३ रोजी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये फॅरडे यांचे पत्र आणि दोनच दिवसांनी 'अथेनियम'मध्ये प्रयोगाचा तपशील प्रसिद्ध झाला. ज्यांना पाहायचे असेल त्यांच्यासाठी उपकरण एका दुकानात मांडून ठेवले होते.

या माणसांनी कोणाला फसवले नव्हते. त्यांचे स्नायू त्यांच्या नकळत त्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागत होते. विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने आदल्याच वर्षी या प्रकाराला 'आयडिओमोटर' क्रिया असे नाव दिले होते. मराठी मध्यमवर्गीय घरांत एकेकाळी मोठ्या भक्तिभावाने चालणाऱ्या प्लँचेटचे मर्मही हेच. पुढच्या वर्षी, ६ मे १८५४ रोजी, फॅरडे यांनी मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिले. त्याचा रोख असा की माणसाच्या निर्णयशक्तीतील सर्वांत मोठा दोष म्हणजे आपल्याला हवे तेच खरे मानण्याची ओढ, आणि पुरावा नसेल तेव्हा निर्णय राखून ठेवता येणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. इथे हेही सांगितले पाहिजे की फॅरडे नास्तिक नव्हते. एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे ते आयुष्यभर निष्ठावंत अनुयायी होते. त्यांचा संशय देवावर नव्हता, माणसाच्या स्वतःविषयीच्या खात्रीवर होता.

या कथेला एक विलक्षण उपकथानक आहे. मेणबत्तीवरची व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने आली, ती विल्यम क्रूक्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या संपादनाखाली. त्याच वर्षी क्रूक्स यांनी वर्णपटातील एका अनपेक्षित हिरव्या रेषेवरून थॅलियम हे मूलद्रव्य शोधून काढले. त्याच वर्षी डॅनियल होम या विख्यात 'माध्यमा'च्या बैठकीचे निमंत्रण फॅरडे यांना आले. त्यांनी चौकशी खुली असावी अशा अटी लिहून कळवल्या. ती बैठक झालीच नाही. दहा वर्षांनी त्याच होमची तपासणी क्रूक्स यांनी केली. काटातराजू लावला, पिंजरा बनवला, सारे मोजमाप केले आणि एक नवे 'मानसिक बल' सापडल्याचे १८७१ साली जाहीर केले. १८७४ च्या सुमारास फ्लॉरेन्स कुक या तरुणीच्या बैठकीत पडद्याआडून अवतरणारी 'केटी किंग' ही आत्मारूप स्त्री खरी असल्याची ग्वाहीही त्यांनी दिली.

क्रूक्स भाबडे नव्हते. निर्वात नळ्यांवरचे त्यांचे काम पुढच्या भौतिकशास्त्राला पायाभूत ठरले आणि १९१३ साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १८६७ साली त्यांचा धाकटा भाऊ वारला होता. ते दुःख या शोधामागे असावे, असे चरित्रकार म्हणतात. मग गुरुतुल्य फॅरडे यांच्या पुस्तकाची मुद्रिते ज्याने तपासली त्याला टेबलाचा धडा का उमगला नाही? आम्हांला वाटते, फरक काटा कोणाला लावला यात आहे. क्रूक्स यांनी उपकरणे चमत्काराला लावली आणि पाहणाऱ्याला, म्हणजे स्वतःला, मोजमापाबाहेर ठेवले. फॅरडे यांनी काटा माणसाच्या हाताला लावला.

हा धडा आपल्याकडेही गिरवला गेला आहे. २००८ साली जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी इतर सहकाऱ्यांसह पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्यांमधून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन मूल कोणत्या गटातले ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल चाळिसांत चोवीस आणि सरासरी विसाच्याही खाली, म्हणजे नाणे उडवून मिळावी त्याहून बरी नाही. इथेही कोणाची टर उडवली नव्हती. कुंडली कोणाची हे लपवले होते, इतकेच. काटा झाकला होता तसेच. ज्यांनी मराठी मुलांना कृष्णविवरांचे नवल शिकवले त्यांनीच ही चाचणी योजली, यात विसंगती नाही. त्यांचे सहकारी दाभोलकर यांची मात्र २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. एवढ्या साध्या प्रश्नाची एवढी किंमत १८५३ च्या लंडनमध्ये कोणाला मोजावी लागली नव्हती.

विज्ञान सोपे करून सांगणाऱ्या लेखनावर दोन्हीकडून आक्षेप घेतले जातात. गंमत आणली तर ते उथळ ठरते, शंका घेतली तर रूक्ष. फॅरडे यांच्या बाबतीत मेणबत्ती समजावणारा आणि टेबल थांबवणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही ठिकाणी त्याची रीतही एकच होती. थक्क व्हावे, आणि थक्क झाल्यावर 'हे कसे झाले?' असे विचारावे. पहिली पायरी मुलांना शिकवावी लागत नाही. दुसरी शिकवण्यासाठी एका जगविख्यात संशोधकाला एकोणीस नाताळ मुलांसमोर उभे राहावेसे वाटले.