जिप्सोफिला: बेण्याची आणि बियाची

लग्नाच्या स्टेजवर गुलाबांच्या मधे जी चिमुकली पांढरी फुलं भुरभुरतात ना, ती जिप्सोफिला. आज तिच्या एका कमी माहितीच्या बहिणीबद्दल बोलू.

१८६१ साली लंडनच्या क्यू उद्यानाने रिचर्ड ओल्डहॅम नावाच्या पोराला झाडं गोळा करायला जपानकडे पाठवलं. पुढे तो कोरियाच्या बेटांवरही फिरला. १८६४ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात आजारी पडून गेला. वय २७, म्हणजे माझ्याच आसपास. १८६७ मध्ये डच वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेल यांनी एका फिकट गुलाबी जिप्सोफिलाला त्याचं नाव दिलं: ओल्डहॅमियाना. ही बहुवर्षायू आहे. आपल्या खोडव्यासारखं समजा, वरचं वाळलं तरी बुडखा परत फुटतो.

बुकेवाली 'ब्रिस्टल फेअरी'सुद्धा बहुवर्षायूच, पण भरगच्च पाकळ्यांची. ती बी जवळजवळ धरतच नाही. मग आधी कलमं करायचे, आता टिश्यू कल्चर. सगळी रोपं एकाच झाडाच्या कॉप्या!

हे अकलूजकरांना वेगळं सांगायला नको. सासवडच्या माळ्यांनी १९३२ मध्ये माळीनगरचा कारखाना उभा केला, तेव्हापासून इथे उसाचं बेणंच लावतात. पण नवीन जात हवी असेल तर तुऱ्यातल्या बियाकडेच जावं लागतं. १९१२ मध्ये कोईमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं, तिथे जंगली उसाशी संकर करून को २०५ आली, १९१८ मध्ये. बेण्यातून ती कधीच निघाली नसती.

ओल्डहॅमियानाचं तसंच. ती बियाने येते आणि प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. आपल्याकडे पेरायची तर दिवाळीनंतर, रात्री गार झाल्या की. बी बारीक असतं, वर जेमतेम माती भुरभुरवा. दोनेक आठवड्यांत उगवतं. जिप्सोफिलाला चुनखड चालते, ती आपल्याकडे भरपूर! साचलेलं पाणी मात्र अजिबात नको, म्हणून काळ्या मातीत वाळू मिसळून उंच गादीवाफा करा. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावा. पहिल्या वर्षी फुलांची घाई नको.

खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्याची. ही थंडीच्या मुलखातली आहे, काही रोपं जातीलच. जे रोप मे महिना काढेल, त्याचंच बी धरा.