'मुमताज महल': सोळाशे मीटरवर हरलेल्या घोडीचा वारसा

१/ ताजमहालात चिरनिद्रा घेणाऱ्या सम्राज्ञीचे नाव १९२१ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एका करड्या थरोब्रेड घोडीला लाभले. पुण्याचा आगाखान पॅलेस उभारणारे तिसरे आगाखान तिचे मालक. १९२२ च्या डॉन्कास्टर लिलावात तिच्यासाठी ९,१०० गिनी मोजण्यात आल्या.

२/ तिचा पिता 'द टेट्रार्क' सातही शर्यतींत अजिंक्य राहिला होता. त्याचा वेग तिच्यात पुरेपूर उतरला. १९२३ मध्ये, वयाच्या दुसऱ्या वर्षी, तिने सहापैकी पाच शर्यती जिंकल्या.

३/ १९२४ ची 'वन थाउजंड गिनीज' शर्यत मात्र सुमारे १,६०० मीटरची होती. आघाडी घेऊनही अखेरीस तिचा दम अपुरा पडला आणि 'प्लॅक'ने तिला मागे टाकले. सुमारे १,००० मीटरची 'ननथॉर्प' शर्यत तिने त्याच वर्षी सहज जिंकली. दहा शर्यती, सात विजय. येथे तिची कारकीर्द संपली.

४/ अशा घोडीच्या वंशात लांब पल्ल्याचा दम येईल काय? आगाखानांनी गेन्सबरो आणि ब्लेनहेम या डर्बीविजेत्या घोड्यांपासून तिची पैदास घेतली. तिच्या एका मुलीचा पुत्र 'महमूद' याने १९३६ ची सुमारे २,४०० मीटरची डर्बी विक्रमी वेळेत जिंकली.

५/ दुसऱ्या मुलीचा पुत्र 'नसरुल्ला' पैदाशीसाठी अमेरिकेत गेला. त्याचा नातू 'सेक्रेटॅरिएट' याने १९७३ ची बेलमाँट शर्यत ३१ लांबींनी जिंकली. तिचे अंतरही सुमारे २,४०० मीटर. सोळाशे मीटरवर थकलेली मुमताज महल त्याची खापरपणजी होती.